अठ्ठेचाळीस मिनिटं

पहाटे चारला सीटवर पाणी साचलेलं असतं.
पाऊस नव्हे.
ऑगस्टात इथे हवाच घाम गाळते,
मुहर्रकच्या गल्लीत उभ्या गाड्यांच्या काचांवरून
ओघळत राहते रात्रभर.

जुन्या बनियनने सीट पुसतो, टाकी, आरसे.
एसीच्या खोलीतून आणलेलं गार हेल्मेट
दाराबाहेर येताच आंधळं होतं,
म्हणून पहिली दोन वळणं
काच वर करून, डोळे बारीक करून.

गाडी बेबीचनची.
एकशे ऐंशी दिनार, वर फुकट सल्ला:
"परकार, चालव उजवीकडून, पण नजर दोन्हीकडे."
तो कायमचा गेला कोट्टयमला.
टाकीवरचा त्याचा स्टिकर अर्धा निघालाय:
घोडा आहे, भाला आहे, खाली साप आहे,
संत तेवढा गेला.

कंपनीची बस चाळीस माणसं वेचत वेचत
सितऱ्याला पोचते सत्तर मिनिटांत.
मी बावीस.
उरतात अठ्ठेचाळीस.

पगाराचा हिशेब घरी आहे.
ओव्हरटाइमचा आहे, रुमानाच्या फीचा,
खेडच्या स्लॅबला लागलेल्या सिमेंटचा, पोत्यागणिक.
ह्या अठ्ठेचाळीसचा कुणाकडेच नाही.

तुबलीच्या पाण्याकाठी गाडी लावतो.
सिलहटचा जुबेर शटर अर्धंच वर करतो,
खालून कप सरकवतो, शंभर फिल्स,
बोलत नाही, मीही नाही.
समोर चिखलात तिवरं.
वाटलं होतं, तिवरं पाहिली की जगबुडी आठवेल.
नाही आठवत.
ही बुटकी, परकी, आपल्यापुरती उभी.
मी चहा पितो आणि कशाचाही विचार करत नाही,
हे काम मला चांगलं जमतं.

दुपारी बाराला उन्हातलं काम थांबतं, कायदाच आहे.
कायद्यात परतीचा रस्ता नाही.
किल्ली चटका देते. सीटवर पुठ्ठा टाकून बसतो.
गावाकडे वेग वाढवला की अंग निवायचं,
इथे ऐंशीला नेली की भट्टीचं दार उघडतं,
साठला आणली तर ऊन जास्त वेळ बसतं पाठीवर.
पुलावर दर दुपारी हेच ठरवत असतो,
जास्त भाजायचं की जास्त वेळ,
आणि सत्तरवर येऊन दोन्ही भोगतो.

कशेडी घाटात खडीवर घसरलो होतो,
त्या वर्षी नसरीनने टाके मोजले, अकरा,
आणि कसम घातली:
दुचाकीला पुन्हा हात नाही.
तेव्हापासून फोनवर मी बसने जातो.
बसला उशीर होतो, बसचा एसी बिघडतो,
एकदा तर मी बसमध्ये एका ड्रायव्हरशी भांडलोसुद्धा.

शुक्रवारी व्हिडिओवर रुमाना स्क्रीनला नाक लावून म्हणाली,
"अब्बा, कपाळावर रेघ कसली?"
"टोपीची."
"टोपी एवढी घट्ट?"
"साहेबाने दिलेली आहे, साहेबाच्या मापाची."
ती हसली. मागे नसरीन
बांगडे साफ करत होती, मान वर न करता.
पाच-सहा बांगडे झाले.
मग म्हणाली,
"बस वेळेवर येते ना?"
"येते."
"तिचे ब्रेक बघून घेत जा."

बसचे ब्रेक मी कसे बघणार,
हे मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
फोन रुमानाकडे गेला, रुमानाकडून छताकडे,
पंख्याकडे, मग रेंज गेली.

शनिवारी चारला सीट पुसली, टाकी, आरसे.
मागचा ब्रेक पायाने दोनदा दाबून पाहिला.
सैल होता, कधीपासून कोण जाणे.
गल्लीतल्या दिव्याखाली उकिडवा बसून
पान्याने दोन आटे आवळले,
पुन्हा दाबला, पुन्हा अर्धा आटा.
चार मिनिटं गेली त्यात.
चव्वेचाळीस उरली.